अस्मिता आत्याचं ‘कशासाठी?’

आमच्या घरात कुणी काही मागितलं की ते लगेच मिळत नाही. आधी त्याची चौकशी होते. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी जाहीर केलं की नवा, मोठा फ्रीज घ्यायचा. जाहीर करून ते पेपरात तोंड घालणार, तेवढ्यात अस्मिता आत्याने विचारलं, "कशासाठी?" बाबा म्हणाले, जुन्यात जागा पुरत नाही. जागा कशाने अडते? भांड्यांनी. भांड्यांत काय असतं? यावर आईने फ्रीज उघडून पाहिला, तर परवाची आमटी, तेरवाची आमटी आणि कुणालाच ओळख पटेना अशी एक वाटी निघाली.

"म्हणजे दादा, तुला फ्रीज नको आहे," आत्या म्हणाली. "तुला आमटी कमी करायला हवी आहे."

बाबा पेपरामागून म्हणाले, "मला सध्या बहीण कमी करायला हवी आहे."

फ्रीज आला नाही, आमटी कमी झाली आणि बहीण आहे तिथेच आहे: नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत. हे लिहिते आहे ते तिच्याबद्दल. आत्याला नकला येत नाहीत. संतापलेला माणूस, लाजलेला माणूस, बोलताना पान खाणारा माणूस, सगळ्यांचं बोलणं ती एकाच सुरात सांगते, बातम्या दिल्यासारखी. त्यामुळे गोष्ट तिची असली तरी आवाज मी भरले आहेत.

तिचं काम काय, हे बिल्डिंगमध्ये कुणालाच नीट माहीत नाही. इंजिनिअर आहे म्हटलं की लोक विचारतात, पूल बांधता का? नाही. मग कॉम्प्युटर? तसंही नाही. एखादं मोठं रुग्णालय, पाणी शुद्ध करण्याचं केंद्र, साखर कारखाना, असलं काही अवाढव्य उभं राहायचं असेल, तर ते वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी जाऊन विचारावं लागतं की बाबा, तुला यातून नक्की काय हवंय. रखवालदाराला गेट कायम बंद हवं असतं, ड्रायव्हरला कायम उघडं, आणि साहेबांना दोन्ही. ही सगळी मागणी गोळा करायची, तिच्यातली भांडणं सोडवायची आणि प्रत्येक गरज अशा एका वाक्यात लिहायची, की पुढे बांधून झाल्यावर ती पुरी झाली की नाही हे तपासता यावं. "थोडक्यात, मी विचारणारी बाई आहे," आत्या सांगते. तिचा नियम एकच: काय हवं ते लिहायचं, कसं करायचं ते लिहायचं नाही. तहान लागली आहे असं लिहावं. माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात हवं असं लिहून ठेवलं, की समोर शहाळं आलं तरी ते चूक ठरतं. हा नियम आमच्या घरात इतक्या वेळा ऐकवला गेलाय की आई आता भाजीवाल्यासमोरही तो पुटपुटते.

या स्वभावाने तिचं लग्नही होता होता राहिलं. कांदेपोह्यांच्या वेळी मुलाकडच्यांचं नेहमीचं सगळं विचारून झालं आणि मग ते मोठ्या मनाने म्हणाले की मुलीलाही काही विचारायचं असेल तर विचारू दे. तिने विचारलं. तुम्हाला बायको नेमकी कशासाठी हवी आहे? मुलगा सज्जन होता. त्याने खरोखर विचार केला आणि सांगितलं की आई थकली आहे, स्वयंपाकाला मदत होईल. आत्याने त्याला कांताबाईंचा फोन नंबर दिला. कांताबाई तेव्हा आमच्याकडे पोळ्या करायच्या. त्या मुलाच्या घरी कामाला गेल्या आणि पुढे बरीच वर्षं टिकल्या. मुलाकडच्यांचं त्यानंतर काहीच म्हणणं आलं नाही, आणि आमच्याकडे मात्र पोळ्यांना बाई नाही, म्हणून आजोबा आत्यावर कितीतरी दिवस चिडून होते. लग्न मोडल्याबद्दल नव्हे, पोळ्यांबद्दल.

नोकरीतही एकदा तिला कामावरून काढलं होतं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांना आपल्या केबिनमध्ये कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांचे आकडे दाखवणारा भला मोठा पडदा हवा होता. हिने विचारलं, कशासाठी? ते म्हणाले, "मी अध्यक्ष आहे म्हणून." हिने गरजेच्या रकान्यात तेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि पुढे ‘तपासणी कशी करावी’ या रकान्यात लिहिलं, निवडणुकीनंतर पुन्हा पाहावे. दुसऱ्या आठवड्यात ती पुण्याला परत आली.

पण लोकांच्या पोटातलं बाहेर काढायची खरी युक्ती तिला सापडली ती आमच्याच दारात. शेजारच्या शैला काकू विरजण मागायला येतात. सोफ्यावर बसून त्या उकाडा, पाणी आणि लिफ्ट या तीन विषयांवर बोलतात. मग "निघते हं" म्हणून उठतात, दारापर्यंत जातात, एका पायात चप्पल सरकवतात आणि तिथे त्यांचं खरं बोलणं सुरू होतं. सून नोकरी बदलतेय, मुलाचं बंगळुरूचं नक्की झालंय, आपल्याला जायचं नाहीये पण म्हणणार कोण. दुसरी चप्पल घालेपर्यंत घरच्या दुधाचं विरजणाशिवायच दही व्हावं. आत्या हे वर्षानुवर्षं बघत होती आणि एके दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्चीत बसलेला माणूस जे बोलणं बरं दिसेल ते बोलतो. दारात उभा राहिला की जे बोलायचंय ते बोलतो. तेव्हापासून ती बैठका लवकर संपवते. वही मिटते, सगळ्यांचे आभार मानते, दारापाशी जाते आणि चप्पल घालायला खूप वेळ लावते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, बसगाड्यांचा एक जुना डेपो आहे, तो आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा मोठा डेपो व्हायचा आहे. दिवसभर पळून गाड्या परत येणार. गेटने प्रत्येक गाडी ओळखायची, तिची बॅटरी किती उरली आहे ते बघायचं, उद्या तिला कुठे जायचंय ते बघायचं आणि कोणत्या चार्जरवर उभं राहायचं ते सांगायचं. गाडी ओळखली नाही तर चार्जर नाही, चार्जर नाही तर सकाळी गाडी नाही, आणि गाडी नाही तर थांब्यावरच्या माणसाने काय बोलायचं ते पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. या सगळ्या पसाऱ्याच्या गरजा लिहिण्याच्या कामाची आत्या प्रमुख होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रमुख.

तिच्या वरती संजय सर. ते रागावले की मराठी सोडतात आणि फार रागावले की परत मराठीत येतात. तिच्या हाताखाली शुभंकर, हुशार मुलगा, पण प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ने सुरू करून ‘राइट?’ला संपवणारा. आणि समोर गिऱ्हाईक म्हणून डेपोचे व्यवस्थापक कोंडीराम साहेब. ते लोणीचेच. आवाज असा, की फोन करायची तशी गरज नाही, खिडकी उघडली तरी पुरे.

कोंडीराम साहेब आत्याच्या प्रश्नांनी टेकीला आले होते. गाडी पंक्चर झाली तर? वीज गेली तर? वीज गेलेली असताना पंक्चर झाली तर? त्यांनी संजय सरांकडे रीतसर तक्रार केली की ह्या बाई आमची परीक्षा घेत्यात का कामं करत्यात. तेव्हा संजय सरांनी आत्याला बसवून सांगितलं की सोमवारी हे कागद गोठवायचे. गोठवायचे म्हणजे सगळ्यांनी सह्या करायच्या आणि मग काही बदलायचं तर पुन्हा सगळ्यांसमोर सगळं उघडायचं. हे लांबलं तर पुढच्या टप्प्याचं काम शुभंकर बघेल. "यू अंडरस्टँड ना, अस्मिता? आय ॲम हेल्पलेस." इंग्रजी होतं, म्हणजे अजून नुसतेच रागावले होते.

आत्याने मान डोलावली. तिचं काम तसंही झालं होतं. शुक्रवारी डेपोच्या नियंत्रण कक्षात शेवटची बैठक झाली आणि कुणाचीच कशाला हरकत नव्हती. तिथे ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी आहे, ते तिला फार सोयीचं पडतं. ती दाराबाहेर येऊन चप्पल शोधायला लागली. सवयीने, काही काढून घ्यायचं म्हणून नाही. कोंडीराम साहेब सोडायला आले होते. बाई जाणार या आनंदात ते अगदी मोकळे झाले होते. म्हणाले, झालं गेलं विसरा, दसऱ्याला या डेपोत, घरचा झेंडू देतो. त्यांच्या भावाचं झेंडूचं शेत आहे आणि दसऱ्याचा निम्मा माल डेपोतच येतो म्हणे.

"एकेका गाडीला असला हार करत्यात पोरं," ते हात पसरून म्हणाले, "काचेपासून पार बंपरपतोर. म्होरचं काय सुदिक दिसत न्हाई."

आत्याची एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. तिने विचारलं, काहीच दिसत नाही म्हणजे काय काय?

"ड्रायव्हरपुरती काच सोडत्यात की. बाकी नंबरबिंबर समदं हाराखाली."

आणि तो हार काढतात केव्हा? काढत न्हाईत, साहेब म्हणाले. देवाचा असतो, वाळून आपसूक पडंल तवा पडंल.

आत्या चप्पल हातात घेऊनच पायऱ्या उतरली. कागदात गेटच्या पानावर लिहिलेलं होतं की प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याने बसच्या दर्शनी भागावरील क्रमांक वाचावा. म्हणजे दसऱ्याच्या संध्याकाळी सगळ्या गाड्या नटूनथटून दारात येणार आणि गेट प्रत्येकीला विचारणार, आपण कोण? त्या बैठकांना बसलेल्या प्रत्येक माणसाने आयुष्यभर बसला हार पाहिला होता. आत्यानेही पाहिला होता. बसला हार असतो हे कुणी सांगितलं नाही, कारण ते काय सांगायचं? खंडेनवमीला यंत्राची पूजा असते, दसऱ्याला गाडीला झेंडू असतो. हेही सांगायचं, तर मग गाडीला चाकं असतात हेही सांगायला लागेल.

तिने वाटेतूनच शुभंकरला फोन केला. तो म्हणाला, "बेसिकली मॅम, हा एज केस आहे ना. म्हणजे कधीतरीच होणारी गोष्ट. वर्षातून एक दिवस. त्या दिवशी कुणीतरी हाताने नंबर टाकेल, राइट?"

एकच दिवस आहे का, हे बघायला आत्या शनिवारी सकाळी स्वारगेटला जाऊन उभी राहिली. सणवार काही नव्हता, साधा शनिवार. तिने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची फक्त तोंडं बघितली. एका गाडीला लिंबू-मिरची होती, नंबराच्या बरोबर मधोमध लोंबणारी. एक वऱ्हाडाची गाडी होती, तिच्यावर नवरा-नवरीच्या नावांचा पुठ्ठा आणि फुगे. एक गाडी गावाकडच्या चिखलातून अशी आली होती, की तिचा नंबर तिच्या आईलाही वाचता आला नसता. आणि एक गाडी पुढून-मागून फुलांनी भरलेली, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. तिथे गर्दी होती. आत्याने विचारलं, तर कळलं की ड्रायव्हर आज निवृत्त होतोय आणि शेवटच्या फेरीला त्याची बायको, सुना, नातवंडं सगळी गाडीत बसली आहेत. ड्रायव्हर स्टिअरिंगवर ताठ बसला होता आणि नातू मागून सांगत होता, "आजोबा, हॉर्न वाजवा की." आजोबा म्हणाले, इथे हॉर्न वाजवायला मनाई आहे. मग त्यांनी वाजवला.

आत्याने फोटो काढले, पेढा खाल्ला आणि घरी आली.

रविवारी ती गॅलरीत तो कागदांचा गठ्ठा घेऊन बसली होती आणि चहा गार होत होता. घरी सगळ्यांना दिसत होतं की काहीतरी बिनसलंय, कारण आईने पडदे बदलू या म्हटलं तर ती नुसतं "बदल" म्हणाली. बाबांनी पेपर खाली ठेवला. तेव्हा तिने सांगितलं. चूक कोंडीराम साहेबांची नव्हती. त्यांनी कुठल्यातरी मॉलच्या पार्किंगमध्ये कॅमेरा पाहिला होता आणि सुरुवातीच्या एका बैठकीत, मला असला कॅमेरा पाहिजे, एवढंच म्हटलं होतं. बायको कशासाठी हवी हे विचारणाऱ्या आत्याने त्या एका दिवशी, कॅमेरा कशासाठी, हे विचारलंच नव्हतं. बैठक लांबून जेवायची वेळ झाली होती. तिने सरळ लिहून टाकलं, कॅमेऱ्याने क्रमांक वाचावा. स्टीलच्या पेल्यात माठाचं पाणी.

उद्या गप्प राहिलं तर कागद गोठतील, ती प्रमुख राहील आणि दसऱ्यापर्यंत कुणाला काही कळणार नाही. बोलली तर सगळं पुन्हा उघडणार आणि काम शुभंकरकडे जाणार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग गप्प बस की," ते म्हणाले. मग पेपर पुन्हा उचलून, "म्हणजे तुला जमणार असेल तर."

सोमवारी सगळे जमले. संजय सरांनी पेनं आणली होती, चांगल्यातली. आत्या उभी राहिली आणि म्हणाली की सह्यांच्या आधी एक चूक सांगायची आहे आणि ती माझी आहे. तिने फोटो दाखवले. लिंबू-मिरची, फुगे, चिखल, निवृत्त होणारे आजोबा. तिने सांगितलं की डेपोला कॅमेरा नको आहे, आत आलेली गाडी कोणती हे गेटला कळायला हवं आहे. ते कॅमेऱ्याने करायचं, गाडीच्या पोटाला चिप लावून करायचं, का आणखी कशाने, ते पुढे बांधणाऱ्यांनी ठरवावं.

संजय सर शुद्ध मराठीत आले. असं कसं चालेल, शेवटच्या दिवशी हे काय काढलंत, आपण काय पोरखेळ मांडलाय का. कोंडीराम साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले की मॅडम, आता एक अक्षर बदलायचं न्हाई, त्यापेक्षा गाडीला हार घालू नका म्हणून सांगू सगळ्यांना, विषय संपला. शुभंकर म्हणाला, बेसिकली ते सगळ्यात स्वस्त सोल्यूशन आहे.

"चालेल," आत्या म्हणाली. तिने वही उघडली. "मग तसा आदेश लागेल, कागदासोबत जोडायला. मी मजकूर घेते. ‘दसऱ्याला कोणत्याही बसला हार घालू नये.’ खाली सही कुणाची?"

संजय सरांनी सांगितलं की हा गिऱ्हाइकाच्या अखत्यारीतला विषय आहे. शुभंकरला लॅपटॉपमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं. कोंडीराम साहेबांनी वही आपल्याकडे ओढली, पेन उघडलं आणि मजकूर वाचला. मग पेन बंद केलं. मग पुन्हा उघडलं.

"निवृत्तीच्या गाडीचं पण ह्यातच येतं का?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाली, ते वेगळं लिहावं लागेल, खाली अजून एक सही.

साहेबांनी वही परत तिच्याकडे सरकवली. "ह्याच्यावर सही करून मी लोणीत घरी जाऊ कुठनं?" आवाज एकदम खाली आला होता, म्हणजे आपल्या नेहमीच्या आवाजाएवढा. "भाऊ दारात उभा करायचा न्हाई मला. खोडा ते. उघडा तुमचं पान."

पान उघडलं. मग संजय सर घसा साफ करून म्हणाले की काम लांबणार हे आता उघड आहे, आणि मुख्य कार्यालयाने ठरवल्याप्रमाणे, म्हणजे साहेबांच्या तक्रारीचा मान राखून, यापुढे हे शुभंकर बघतील. शुभंकर ताठ बसला आणि टॅब उघडून म्हणाला, "सो सर, बेसिकली आपण फर्स्टपासून सुरू करू या. मला आधी तुमची सगळी प्रोसेस समजून घ्यायची आहे, राइट?"

कोंडीराम साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"फर्स्टपासून?" ते म्हणाले. "पंक्चरपासून? वीज गेल्यापासून?" आणि संजय सरांकडे वळून, "साहेब, तक्रार माझी होती न्हवं? मी मागं घेतली. ह्या बाई वैताग हायत, पण ह्यांना मी समदं सांगून बसलोय. आता दुसऱ्या माणसाला पहिल्यापास्नं सांगायचं माझ्यात त्राण न्हाई."

संजय सर म्हणाले, "ओके." इंग्रजीत आले, म्हणजे उतरले. प्रमुखपद आत्याकडेच राहिलं. शुभंकरने टॅब मिटला आणि आत्याचं म्हणणं, की तो सुटल्यासारखाच दिसला.

मग ते वाक्य लिहायला बसले. आत्याने लिहिलं, डेपोत येणारी बस कोणती हे गेटला कळले पाहिजे, मग ती नटून येवो, चिखलातून येवो. संजय सर म्हणाले, ‘नटून’ हा शब्द कागदात शोभणार नाही. त्यांनी स्वतः दुरुस्त केलं: बसचे बाह्य स्वरूप कसेही असले तरी. कोंडीराम साहेबांनी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत, आणि विचारलं की बाह्य स्वरूप म्हणजे काय. आत्याने सांगितलं, हार. ते म्हणाले, मग तसं लिहा की, उद्या माझ्या जागी दुसरा आला तर त्याला काय कळणार. संजय सर काही म्हणायच्या आत त्यांनी चांगल्यातलं पेन घेतलं, ओळीच्या शेवटी, कंसात, ठसठशीत अक्षरांत ‘हार’ लिहिलं आणि त्याच्याखाली सही ठोकली.